शिळा हिरवा

“हा हिरवा नाही. हा आजारी आहे,” डोळेमास्तर म्हणाले आणि प्रिंटरमधून नुकताच बाहेर पडलेला कागद त्यांनी टेबलावर पालथा घातला, जास्त वेळ पाहिलं तर आपल्यालाही लागण होईल अशा बेताने.

“अहो बाबा, स्क्रीनवर बघा ना, किती छान दिसतोय!” मुलगी म्हणाली. सकाळपासूनचा हा सातवा कागद. पहिला शेवाळासारखा आला होता, दुसरा राखेसारखा, आणि मधले काही कशासारखे आले होते ते चारचौघांत बोलायची सोय नव्हती.

“स्क्रीनला स्वतःचा दिवा असतो. कागदाला नसतो. कागद बिचारा खिडकीतून येईल तेवढ्या उजेडावर जगतो.”

“मग आता काय करू? बाहेरून छापून घ्यायच्या आमंत्रणाच्या कार्डांचा भाव ऐकूनच लग्न मोडायची वेळ आलीय.”

“तोंडाला काही धरबंध आहे की नाही?” सोफ्यावर स्वेटर विणत बसलेली आई म्हणाली. “आणि त्या हिरव्यापायी माझा टाका सुटला.”

लग्न अडीच महिन्यांवर आलं होतं. मुलीने आणि होणाऱ्या जावयाने मिळून एक रंग ठरवला होता. टेबलांवरची कापडं, खुर्च्यांच्या फिती, तिच्या पोशाखाचा कमरपट्टा, त्याच्या खिशातला रुमाल, सगळं त्याच रंगाचं. कापडाच्या दुकानातून आणलेला बोटभर नमुना ती पर्समध्ये घेऊन हिंडत होती.

डोळेमास्तरांनी तो नमुना चिमटीत धरला. “काय म्हणतात म्हणालीस याला?”

“सेज ग्रीन. यंदा सगळी लग्नं याच रंगात चाललीत. गेल्या वर्षी पीच होता, त्याच्या आधी विटकरी.”

“आमच्या छापखान्यात याला शिळा हिरवा म्हणायचे.”

“काय?”

“ताज्या हिरव्यात कणभर लाल टाकला, की तो मान टाकतो. चांगला रंग आहे. समजूतदार. कोणाच्या अंगावर धावून जात नाही.”

“लग्नात शिळं काही नको हं, आत्ताच सांगून ठेवते,” आई म्हणाली.

डोळेमास्तर हसले, आणि मग, कोणी हसेल की काय अशा भीतीने, हळूच म्हणाले, “मी मिसळू का?”

हे विचारायला त्यांना एवढं अवघड जावं, याचं छापखान्यातल्या लोकांना नवल वाटलं असतं. अडतीस वर्षं त्यांनी तिथे शाई मिसळण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. बाकी सगळ्या बाबतीत ते भिडस्त गृहस्थ. बँकेत रांगेतून कोणी पुढे घुसला तर स्वतःच दोन पावलं मागे सरायचे. वाचनाचा नाद होता, पण वाचलेल्यावर चार शब्द बोलायची वेळ आली की चहाला उठायचे. फक्त रंगाचा प्रश्न आला की त्यांचा आवाज बदलायचा. शाई मिसळली की तिचा ठिपका ते कागदावर बोटाने पसरायचे, वाळू द्यायचे, कागद त्या ठिपक्यातूनच कापायचे आणि ती कड नमुन्यावर टेकवायचे. कड दिसली, तर रंग नापास. कड दिसेनाशी झाली, तर म्हणायचे, “कड गेली.” याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती, स्वतःसाठीही नाही आणि दुसऱ्यासाठीही नाही.

एकदा औषधाच्या खोक्यांचं मोठं काम मशीनवर चढलं होतं आणि त्यांनी ते थांबवलं. मशीनवाला, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणायचे, तो कपाळाला हात लावून ओरडला, “अहो डोळेमास्तर, केसाएवढा फरक! कोणाला कळतंय?”

“मला कळतंय,” ते म्हणाले होते. ही गोष्ट छापखान्यात पुढे कित्येक वर्षं सांगितली जायची. डोळेमास्तर हे नाव त्यांना चिकटलं ते तेव्हापासून.

निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. घरी कोणी त्यांना रंग विचारत नव्हतं, आणि भिंती पिवळ्या पडल्यात, एकदा रंग काढायला हवा, असं ते म्हणाले की बायको म्हणायची, “अहो, गेल्याच वर्षी पांढरा दिलाय. डोळे दाखवा आधी.” डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की ते पुस्तक उघडायचे. “वाचता येतंय ना मला? मग झालं तर.”

तर त्यांनी मिसळू का म्हणून विचारलं, आणि मुलीने खुर्ची मागे ढकलून त्यांच्या गळ्यात हातच टाकले.

मग कामाची आखणी झाली. आतला मजकूर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे साधा काळा छापून घ्यायचा. वरची बाजू घरी, हाताने. मुलीने लिनोच्या, म्हणजे कोरायला मऊ अशा रबरी पत्र्याच्या, तुकड्यावर ठसा कोरला. सात पानांची एक डहाळी. डहाळी खोल कोरून काढायची, म्हणजे सगळं कार्ड हिरवं होईल आणि डहाळी कागदाच्या पांढऱ्यात उमटेल, ही कल्पना तिची. ठसा कार्डापेक्षा नखभर मोठा ठेवायचा, म्हणजे रंग थेट कडेपर्यंत जाईल, ही त्यांची. तिचा हात बारीक कामाला सरावलेला होता. ती एका प्रयोगशाळेत नकली दात बनवायची. शेजारच्या खऱ्या दातासारखाच रंग नव्या दाताला आणायचा, हे तिचं काम. डोळेमास्तरांना लेकीच्या नोकरीचं कौतुक होतं, पण मनातल्या मनात वाटायचं, पांढऱ्याशेजारी पांढरं बसवायचं, त्यात काय एवढं.

शाईचे डबे भोंग्याने आणून दिले. तो अजून त्याच छापखान्यात होता. “लग्न तुमच्याकडे आणि मिसळणार तुम्ही, म्हणजे सरकारी शिक्का झाला की हो!” तो दारातूनच ओरडला. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि बंद झाली.

रविवारी अकरा वाजता डोळेमास्तरांनी खिडकीशी टेबल ओढलं. ट्यूबलाइट बंद करायला लावली, “ती खोटं बोलते” म्हणून. लाल भडक सोफ्यावर पांढरी चादर टाकायला लावली, कारण भडक रंग शेजारी असला की डोळा बिथरतो. काचेवर पांढरा घेतला, पिवळा घेतला, निळा सुईच्या टोकाएवढा. पात्याने शाई परतू लागले तसे त्यांचे खांदे सरळ झाले. बायको विणकाम खाली ठेवून बघत राहिली. हा माणूस तिने असा फार वर्षांनी पाहिला होता.

“लाल?” मुलीने विचारलं.

“थांब. आधी त्याला नीट हिरवा होऊ दे. मग त्याचा माज उतरवू.”

तीन वेळा ठिपका पसरला, तीन वेळा वाळवला, तीन वेळा कड दिसली. चौथ्यांदा त्यांनी निळा आणखी थोडा ओढला, पुन्हा पसरला, वाळवून कापला आणि कड कापडाच्या नमुन्यावर टेकवली. कड नव्हती. रंग कापडातून निघून कागदावर चालत गेला होता.

“बघ,” ते म्हणाले. आवाज कापत होता याची त्यांना लाज वाटली.

मुलीने दोन्ही तुकडे घेतले. खिडकीशी गेली. पाठ करून उभी राहिली, बराच वेळ. डोळेमास्तरांना वाटलं, पोरीचा ऊर भरून आला असेल. आता दोन महिन्यांनी जायची.

“काय गं?”

ती वळली. “कड गेली, बाबा,” ती म्हणाली.

“मला तर सगळे हिरवे सारखेच दिसतात,” आई म्हणाली. “आता एकदाचं छापा.”

तीन रविवार लागले. ते रुळाने शाई लावायचे, मुलगी कार्ड ठेवायची, आई चमच्याच्या पाठीने घासायची. घरभर दोऱ्या बांधून चिमट्यांना कार्डं लटकवली होती. जावई भेटायला आला तर त्याला वाकून, गुडघ्यात मान घालून आत यावं लागलं. “सासुरवाडीला मान खाली घालून यायचं असतं हे ऐकून होतो,” तो म्हणाला, “पण इतकं?” एकशे चाळीस कार्डं झाली. एकाही कार्डाचा रंग दुसऱ्याहून वेगळा नव्हता. ज्यांना मिळाली त्यांचे फोन आले. हे घरी केलंय? कोणी? डोळेमास्तर फोनवर फक्त “हो, हो” म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

कार्डं गेली आणि त्याच आठवड्यात मुलीने त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेतली.

“एवढ्यात कशाला? लग्नानंतर बघू.”

“लग्नात मला नीट बघायचंय की नाही तुम्हाला?” ती म्हणाली. आईनेही उचलून धरलं. दोघींनी आधीच ठरवून ठेवल्यासारखं. आधी उजवा डोळा, डावा तीन महिन्यांनी.

लग्नाला तीन आठवडे असताना उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. दवाखान्यातून घरी आले आणि दारातच थबकले.

“अगं, भिंती कधी रंगवल्या?”

“हात जोडते तुम्हाला,” बायको म्हणाली. “पांढऱ्याच आहेत त्या. पहिल्यापासून.”

त्यांनी उजवा डोळा झाकला. भिंती पिवळट, चहा सांडून वाळल्यासारख्या. डावा झाकला. पांढऱ्या स्वच्छ. परत उजवा. परत डावा. लहान मुलासारखा त्यांना खेळच सापडला. सगळ्या घरभर फिरून त्यांनी पडदे बघितले, दुधाचं पातेलं बघितलं, बायकोचे केस बघितले आणि शहाणपणाने काही बोलले नाहीत.

मग खेळता खेळताच त्यांनी कपाटातून उरलेलं एक कार्ड काढलं आणि त्यावर कापडाचा तो बोटभर नमुना ठेवला.

कड उभी होती. भिंतीसारखी. कापड उबदार, वाळत आलेल्या पानासारखं. कार्ड थंड. निळा चढला होता. केसभर नाही, चांगला चिमूटभर. त्यांनी उजवा डोळा झाकला, कड विरघळली. उघडला, पुन्हा उभी.

ते पलंगाच्या कडेवर बसले. मोतीबिंदूने पिवळी काच डोळ्यांवर चढवली होती आणि त्या काचेतून निळा दिसत नव्हता, म्हणून ते ओतत गेले होते. ट्यूबलाइट बंद केली, सोफा झाकला, तीन तीनदा वाळवून बघितलं. सगळं तपासलं. स्वतःचा डोळा तपासायचं तेवढं सुचलं नाही. आणि एकशे चाळीस घरांत ते कार्ड जाऊन पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते भोंग्याकडे गेले. कार्ड आणि नमुना पुढे ठेवला. “खरं सांग.”

भोंग्याने पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू झाला. “निळा जरा चढलाय, डोळेमास्तर.”

“तुला कार्ड मिळालं तेव्हा नाही बोललास ते?”

“तेव्हा हा नमुना कुठे होता माझ्यासमोर? आणि असता तरी...” तो घुटमळला. “तुमचा रंग चुकलाय असं माझ्या डोक्यात आलंच नसतं. म्हटलं असतं, कापडच चुकलंय.” मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, “जाऊ द्या हो! कोणाला कळतंय?”

डोळेमास्तरांनी कार्ड खिशात घातलं. नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं होतं, पण देववलं नाही.

त्यांनी मुलीला सांगायचं ठरवलं. लोक कार्ड हातात घेऊन हॉलमध्ये येतील, समोर टेबलांवर कापड असेल, आणि बापाची चूक टेबलागणिक अंथरलेली असेल. निदान तिला आधी कळायला हवं. पण ती सापडायची तेव्हा तोंडात टाचण्या असायच्या किंवा कानाला फोन. एकदा धीर करून म्हणाले, “अगं, त्या कार्डाच्या रंगाचं...”

“बाबा, हॉलचं सगळं मी बघतेय,” ती घाईघाईने म्हणाली. “तुम्ही फक्त डोळ्यांत थेंब घालायला विसरू नका.” आणि तिने पोशाख ठेवलेल्या खोलीचं दार लावून घेतलं.

लग्नाच्या सकाळी ते बायकोला घेऊन सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचले. नवा सूट जरा ढगळ होता. वरच्या खिशात कार्ड होतं. का घेतलं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. दार ढकलून आत गेले आणि उभेच राहिले.

मोठ्या खिडक्यांतून सकाळचा सरळ उजेड येत होता. वीस टेबलं होती. त्यांवरची कापडं त्या बोटभर नमुन्याच्या रंगाची नव्हती. खुर्च्यांच्या फितीही नव्हत्या. तो उबदार, वाळत आलेल्या पानाचा रंग हॉलमध्ये कुठेच नव्हता.

सजावट करणारी बाई शिडीवरून फुलं बांधत होती. तिने वरूनच विचारलं, “नवरीचे बाबा ना तुम्ही? काय हो मुलगी तुमची! माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक नाही बघितलं.”

“काही... चुकलं का?”

“आधी एक रंग पक्का केला होता. त्याची ठाणंसुद्धा बाजूला काढून ठेवली होती मी. दोन महिन्यांपूर्वी आली, हातात कार्ड. म्हणाली, तो रंग रद्द, याच्याशी जुळणारं कापड द्या. मी दाखवलं, नको. दुसरं दाखवलं, नको. अकरा ठाणं उलगडायला लावली! प्रत्येक ठाण उचलून दाराशी उजेडात न्यायची, कार्डाची कड त्यावर ठेवायची आणि बघत बसायची. शेवटी मी म्हटलं, बाई गं, यंदाचा फॅशनचा रंग सोडून हे काय धरून बसलीस? एवढ्याशा फरकाने कोणाला कळतंय?”

“मग?” डोळेमास्तरांनी विचारलं.

“म्हणाली, मला कळतंय. हा रंग माझ्या बाबांनी मिसळलाय, लग्न याच रंगात होणार.” बाईने फुलांच्या दोऱ्याला गाठ मारली. “बारावं ठाण गाठलं तेव्हा माझी सुटका झाली.”

बायको त्यांच्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि खिडकीशी पाठ करून उभी राहिलेली मुलगी, घाईघाईने घेतलेली ऑपरेशनची तारीख, बंद केलेलं दार, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

त्यांना आधी लाज वाटायला हवी होती. ती आलीही, पण टिकली नाही. तिच्या मागून दुसरंच काही येत होतं आणि ते छातीत मावत नव्हतं. चौथ्यांदा वाळवलेल्या त्या ठिपक्यात, खिडकीपाशी एका नजरेत, पोरीने चिमूटभर निळा पकडला होता. भोंग्यासारख्या मुरलेल्या माणसाच्या मनात जी शंका आली नसती, ती तिला आली होती, तिने गिळली होती आणि मुकाट्याने अख्खं लग्न उचलून त्या चुकीच्या शेजारी नेऊन ठेवलं होतं. पांढऱ्याशेजारी पांढरं बसवायचं, त्यात काय एवढं, असं आपण म्हणत होतो. सगळ्यात अवघड तेच असतं, हे आपल्याला कळायला नको होतं का?

आतल्या दाराशी हालचाल झाली आणि मुलगी बाहेर आली. पांढरा पोशाख, कमरेला हिरवा पट्टा. तिने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा शिडीवरच्या बाईकडे, आणि काय झालं असावं ते तिच्या लक्षात आलं.

“तुम्ही एवढ्या लवकर कशाला आलात?” ती म्हणाली. आवाज रागाचा होता, डोळे नव्हते.

“बघायला,” डोळेमास्तर म्हणाले. “दोन्ही डोळ्यांनी.”

त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि खिडकीजवळच्या टेबलापाशी गेले. मुलगी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी, हात पुढे बांधून. त्यांनी कार्ड कापडावर सपाट ठेवलं. उजवा डोळा झाकला. पाहिलं. मग डावा झाकला आणि नव्या डोळ्याने पाहिलं, सावकाश, चारही बाजूंनी, छापखान्यात पाहायचे तसं, कोणाचीही गय न करता. सात पानांची पांढरी डहाळी कापडावर नुसती तरंगत होती.

“सांगा ना,” ती म्हणाली. “ठाणं बघितली तेव्हा बाहेर ढग आले होते जरा. मला खात्री नव्हती.”

“कड गेली,” डोळेमास्तर म्हणाले.

ती हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांच्या कोपऱ्याला बोट लावलं, काजळ सांभाळत. बाहेर गाड्यांची दारं वाजू लागली. पाहुणे येत होते. कार्ड परत खिशात ठेवावं म्हणून डोळेमास्तरांनी हात पुढे केला, पण ते कुठे संपतं आणि कापड कुठे सुरू होतं, ते चटकन सापडेना. त्यांना बोटांनी चाचपावं लागलं.